हेतू राहू द्या, नोंदवही दाखवा

गावात घरफोडी झाली की पोलिसांची पहिली गाडी बहुधा पारध्यांच्या पालाकडे वळते. ऊसतोडीच्या हंगामात मोटारीची केबल गेली तर ऊसतोड मजुरांच्या कोप्यांची झडती आधी होते. सांगली-सातारा जिल्ह्यांत फौजदारी काम करणाऱ्या वकिलांना यात नवल वाटत नाही. पण हा भेदभाव आहे असं कोर्टात म्हणायला गेलं की समोरून प्रश्न येतो: जातीमुळेच धरलं हे कशावरून? स्टेशन डायरीत तर फक्त ‘संशयावरून’ एवढाच शब्द असतो. फौजदाराच्या मनात काय होतं हे साक्षीपुराव्यानं दाखवता येत नाही आणि अर्ज तिथंच बसतो.

नेमक्या याच जागी आंतरराष्ट्रीय मानवी हक्क न्यायालयांचीही गाडी वर्षानुवर्षं अडत आली. युरोपात रोमा म्हणजे तिथले भटके, पोर्तुगालपासून जर्मनीपर्यंतचे आफ्रिकी वंशाचे नागरिक, डॉमिनिकन प्रजासत्ताकात हैतीहून आलेले ऊसतोडे. त्या न्यायालयांनी काही रस्ते काढले, काही ठिकाणी कच खाल्ली. त्यांच्याकडून आपण घ्यावं असं माझ्या मते एकच: माणसाच्या मनातला हेतू शोधत बसू नये, कारभाराचा परिणाम मोजावा आणि खुलासा करायची पाळी सरकारवर आणावी. बाकी त्यांची जी थोरवी सांगितली जाते तिच्यातली बरीच वजा करून घ्यावी लागते.

आधी हे स्पष्ट असावं की आपल्याला या न्यायालयांचं दार नाही. युरोपच्या ४६ देशांसाठी स्ट्रासबर्गचं न्यायालय आहे, अमेरिका खंडासाठी कोस्टा रिकातल्या सान होसेचं, आफ्रिकेसाठी टांझानियातल्या अरुशाचं. आशियाला असं न्यायालयच नाही. वंशभेद निर्मूलनाचा १९६५ चा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानं १९६८ साली मान्य केला, पण त्यातल्या कलम १४ खालची घोषणा केलेली नाही. ती घोषणा असेल तरच व्यक्तीला त्या कराराच्या समितीकडे तक्रार नेता येते. नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात भारत १९७९ साली सामील झाला. तिथलाही तक्रारीचा ऐच्छिक पूरक करार आपण स्वीकारलेला नाही. राहता राहिलं ते सरकारच्या अहवालासोबत संस्थांनी समितीला आपला समांतर अहवाल पाठवणं.

जात म्हणजे वंश का, हा वाद २००१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी दरबान परिषदेपासून चालला आहे. वंशभेद निर्मूलनाच्या करारात ‘जन्मवंशपरंपरा’ हा आधार आहे आणि त्यात जात येते, असं समितीनं २००२ साली आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत म्हटलं. भारत सरकारला ते मान्य नाही. समितीचंच म्हणणं मला बरोबर वाटतं. तरी या वादावर आपल्याकडे खर्ची पडलेली शाई पाहिली तर थोडी हळहळ वाटते, कारण वाद जिंकला तरी कलम १४ ची कडी आतून लावलेलीच राहते.

आता स्ट्रासबर्गची रीत. युरोपीय मानवी हक्क करारातलं भेदभावविरोधी कलमही योगायोगानं १४ वंच आहे आणि ते एकटं उभं राहत नाही. जीव, स्वातंत्र्य, खासगी जीवन, शिक्षण अशा दुसऱ्या एखाद्या हक्काला जोडूनच ते लावावं लागतं. त्याच्या बाराव्या पूरक करारानं २००५ पासून स्वतंत्र हक्क दिला, पण तो निम्म्याहून कमी देशांनी घेतला आहे. अर्जाला फी नाही, ठरलेला फॉर्म आहे, आणि देशातल्या शेवटच्या निकालापासून चार महिन्यांची मुदत आहे. फेब्रुवारी २०२२ पूर्वी ती सहा महिने होती. देशातले सगळे उपाय आधी वापरलेले असावे लागतात, आणि बरेच अर्ज इथंच पडतात. खालच्या कोर्टात वकील मारहाणीची तक्रार करतो, बेकायदा अटकेची करतो, पण ‘हे वंशामुळं झालं’ हा मुद्दा लेखी मांडत नाही. कधी पुरावा नसतो, कधी न्यायाधीश चिडतील अशी भीती असते. मग स्ट्रासबर्ग म्हणतं, भेदभावाची तक्रार तुम्ही तुमच्या देशात केलीच नव्हती, ती आम्ही ऐकणार नाही. तिथं नीट मांडलेला मुद्दाही वाया जाण्याची एक वाट आहे. मुख्य हक्काचा भंग सापडला की ‘आता भेदभावाचा मुद्दा वेगळा तपासण्याची गरज नाही’ असं एक वाक्य लिहून न्यायालय मोकळं होतं. अर्जदाराला भरपाई मिळते, पण त्याला का मारलं हे निकालात कुठंच येत नाही.

या सवयीवर माल्टाचे न्यायाधीश जोव्हान्नी बोनेल्लो यांनी २००२ साली बल्गेरियाच्या एका खटल्यातल्या भिन्नमतात चांगलीच टोपी उडवली. न्यायालयाचे निकाल चाळणाऱ्या परक्या माणसाला वाटेल की पन्नास वर्षांत युरोपात वंशद्वेष कधी नव्हताच, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. कारण होतं पुराव्याच्या कसोटीत. ‘वाजवी शंकेच्या पलीकडे’ सिद्ध करा, असं न्यायालय म्हणायचं. फौजदारी खटल्यात एका माणसाला तुरुंगात टाकण्यासाठी असलेली ही कसोटी एका राज्यसत्तेची जबाबदारी ठरवायला का लावावी, याचं पटेल असं उत्तर मला कुठल्याच निकालात सापडलेलं नाही.

मग आला नाचोवा विरुद्ध बल्गेरिया. जुलै १९९६ मध्ये लेसुरा या गावी सैन्यातल्या सक्तीच्या सेवेत असताना कैद झालेल्या आणि त्या कैदेतून निसटलेल्या दोन रोमा तरुणांना लष्करी पोलिसांनी गोळ्या घातल्या. दोघं निःशस्त्र होते, ज्या गुन्ह्यासाठी पकडायचं तो होता वारंवार गैरहजेरी, आणि वापरली ती स्वयंचलित रायफल, तीही वस्तीत. अधिकाऱ्यानं जातीवरून शिवी दिली असं शेजाऱ्यानं जबाबात सांगितलं होतं. तपास करणाऱ्यांनी त्या वाक्याकडे पाहिलंही नाही. २००४ साली न्यायालयाच्या लहान पीठानं धाडस केलं: तपासच केला नाही म्हणून पुराव्याचा भार सरकारवर, आणि खून वंशद्वेषातून झाला नाही हे सरकारला दाखवता आलं नाही. ६ जुलै २००५ रोजी मोठ्या पीठानं तो अर्धा निकाल फिरवला. हिंसेमागचा हेतू असा भार उलटवून ठरवता येणार नाही, असं ते म्हणालं. पण वंशद्वेषाची शक्यता दिसत असताना ती तपासली नाही हा स्वतंत्र भेदभाव आहे, हे त्यानं कायम केलं.

या तडजोडीवर टीका पुष्कळ झाली. मला ती अर्धी भाकरी वाटते, पण पोट भरणारी. शिवीचा उल्लेख जबाबात आला की तिचा तपास करणं बंधनकारक झालं. त्यामुळे वकिलाचं काम बदललं. गोळी का घातली हे सांगायचं ओझं त्याच्या डोक्यावरून उतरलं, आणि ‘तुम्ही काय विचारलं नाही’ एवढं दाखवणं पुरेसं झालं. ते कागदावरून दाखवता येतं. आपल्याकडे म्हणूनच पहिल्या जबाबात, वैद्यकीय तपासणीच्या वेळी, दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करताना उच्चारलेले जातिवाचक शब्द जसेच्या तसे नोंदवले जाणं इतकं मोलाचं आहे. आठवड्यानं घातलेला पुरवणी जबाब ‘मागाहून सुचलेलं’ ठरतो.

खरा पालट झाला तो १३ नोव्हेंबर २००७ रोजी, डी. एच. विरुद्ध झेक प्रजासत्ताक या निकालानं. ओस्ट्राव्हा या कोळशाच्या गावातली अठरा रोमा मुलं मतिमंदांसाठीच्या विशेष शाळांत घातली होती. नियम सर्वांना एकच होता. बुद्धिमापन चाचणी, मानसतज्ज्ञाची शिफारस, मुख्याध्यापकाचा निर्णय आणि पालकाची सही. कुठंही ‘रोमा’ हा शब्द नव्हता. आपल्याला वेगळं बसवण्याची उघड रीत ठाऊक आहे. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना घरून तरट न्यावं लागे आणि ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होतं. ओस्ट्राव्हात तेच काम चाचणीच्या कागदानं होत होतं, आणि कागदाला जात नसते असं सरकारचं म्हणणं होतं.

मुलांच्या बाजूनं आकडे कसे जमवले ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. सरकारकडे वांशिक आकडेवारी नव्हती. म्हणून १९९९ साली शहरातल्या ८ विशेष आणि ६९ सर्वसाधारण प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. त्यातून निघालं की सर्वसाधारण शाळांतल्या मुलांमध्ये रोमा २.२६ टक्के, आणि विशेष शाळांत ५६ टक्के. पण एवढ्यावर थांबलं असतं तर सरकार म्हणालं असतं, त्यांची मुलं अभ्यासात मागं आहेत, आम्ही काय करणार? म्हणून दुसरी जोडी काढली. रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के विशेष शाळेत, इतर मुलांपैकी १.८ टक्के. म्हणजे रोमा मूल तिथं जाण्याची शक्यता २७ पटींहून जास्त. निम्मा समाज मतिमंद आहे असं म्हटल्याशिवाय या आकड्याला उत्तर देता येत नाही, आणि ते तर कोणी म्हणू शकत नव्हतं. २००६ साली लहान पीठानं हे आकडे बाजूला सारून अर्ज फेटाळला होता. मोठ्या पीठानं १३ विरुद्ध ४ मतांनी उलटवला. विश्वासार्ह आकडे प्रथमदर्शनी पुरावा ठरतात, मग खुलासा सरकारनं करायचा, भेदभावाचा हेतू दाखवायची गरज नाही. आणि परिणामच विषम आहे म्हटल्यावर अठरापैकी प्रत्येक मुलाची केस वेगळी तपासायचीही गरज नाही.

पालकांच्या सहीचं काय? सरकारचा तो हुकमी एक्का होता. न्यायालय म्हणालं, माहिती न देता, दुसरा चांगला पर्याय न ठेवता घेतलेली संमती ही संमतीच नाही. आणि वंशभेद न होण्याचा हक्क कोणाला सोडूनही देता येत नाही.

हे वाचताना ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या, कारखान्याच्या आवारातल्या साखरशाळा डोळ्यांपुढं येतात. तुलना सरसकट नाही, हे मुद्दाम सांगतो. साखरशाळा सोयीसाठी निघाल्या, आणि फडात कोयत्यामागं फिरण्यापेक्षा मूल तिथं बसलेलं बरंच. पण प्रश्न परिणामाचा विचारायचा असेल तर वाळव्यात किंवा कराडात असं मोजावं लागेल: हंगामात आलेल्या टोळ्यांत सहा ते चौदा वयाची मुलं किती, त्यांतली गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर किती, साखरशाळेत किती, कुठंच नाहीत किती, एप्रिलमध्ये बीडला परतल्यावर मूळ शाळेत पुन्हा दिसली किती, आणि गावच्या मुलांचं गळतीचं प्रमाण त्याच वर्गांत किती. शेवटचा आकडा बहुतेक पाहणीत सुटतो. तुलनेचा दुसरा काटा नसेल तर पहिला आकडा फक्त हळहळ वाटायला उपयोगी. ‘पालकांनीच नेलं’ हे उत्तर येईलच. आगाऊ उचल घेतलेल्या जोडप्यापुढं दुसरा पर्याय कोणता होता, हा त्यावरचा प्रतिप्रश्न ओस्ट्राव्हाच्या निकालातून तयार मिळतो.

रस्त्यावरच्या पोलीस तपासणीबाबत स्ट्रासबर्ग अलीकडे जागं झालं. १८ ऑक्टोबर २०२२ रोजी एकाच दिवशी दोन निकाल आले. बसू विरुद्ध जर्मनी: भारतीय वंशाचा जर्मन नागरिक मुलीसोबत झेक सीमेवरून येणाऱ्या रेल्वेत बसलेला, पोलिसांनी ओळखपत्र मागितलं, तक्रारीची स्वतंत्र चौकशी झालीच नाही. भंग ठरला. मुहम्मद विरुद्ध स्पेन: बार्सिलोनात अडवलेला पाकिस्तानी नागरिक, तिथं चौकशी पुरेशी झाली आणि त्याच्या वागण्यामुळं अडवलं असं धरून भंग नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की दिसतं, आकड्यांशिवाय एकट्या माणसाचा शब्द विरुद्ध शिपायाचा शब्द असं झालं की न्यायालय शिपायाकडे झुकतं. फेब्रुवारी २०२४ च्या वा बायले विरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये मात्र झुरिक स्टेशनवर २०१५ साली अडवलेल्या, ओळखपत्र न दाखवल्याबद्दल १०० फ्रँक दंड झालेल्या कृष्णवर्णीय माणसाच्या बाजूनं निकाल गेला. ‘त्यानं नजर चुकवली’ हे कारण अडवायला पुरेसं नाही असं ठरलं, आणि स्विस पोलिसांच्या वागण्यावरचे आंतरराष्ट्रीय अहवाल पार्श्वभूमी म्हणून धरले गेले. मिरज जंक्शनवर बिहारी मजुराला पिशवी उघडायला लावताना ‘संशयास्पद हालचाल’ याहून वेगळं काही लिहिलेलं असतं का, हे ज्यानं त्यानं पाहावं.

स्थलांतरितांच्या बाबतीत मात्र स्ट्रासबर्ग भित्रं आहे. इटलीनं भर समुद्रातून सोमाली आणि इरिट्रियन लोकांना लिबियाला परत सोडलं, ते २०१२ साली हिर्सी जमाआ खटल्यात न्यायालयानं सामूहिक हकालपट्टी म्हणून नाकारलं. मोरोक्कोला लागून असलेल्या मेलिल्या या स्पॅनिश शहराचं कुंपण २०१४ साली ओलांडलेल्या दोघा आफ्रिकी माणसांना स्पेननं तिथल्या तिथं परत ढकललं, त्या खटल्यात २०२० साली मोठं पीठ म्हणालं, बेकायदा वाटेनं घुसले हा त्यांचाच दोष. कायदेशीर नाक्यापर्यंत काळ्या माणसाला पोहोचता येत नव्हतं हा मुद्दा समोर होता. त्याला पुरेसं वजन मिळालं नाही. हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालयही २०२१ च्या कतार विरुद्ध अमिरात निकालात म्हणालं की सध्याच्या नागरिकत्वावरून केलेला भेद हा ‘राष्ट्रीय मूळ’ यावरचा भेद नव्हे. देश वंशाऐवजी पासपोर्ट पुढं करतो आणि सुटतो.

सान होसेचं न्यायालय जास्त मोकळेपणानं बोलतं. १७ सप्टेंबर २००३ च्या १८ व्या सल्लामतात त्यानं सांगितलं की कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितालाही कामगार म्हणून सगळे हक्क आहेत, काम झालं की मजुरी देणं लागतं. २०१२ च्या नादेज दोर्झेमा निकालात, हैतीहून माणसं आणणाऱ्या ट्रकवर डॉमिनिकन सैनिकांनी २००० साली गोळीबार करून सात जण मारले त्या प्रकरणी, त्यानं भेदभावाचा पुरावा आजूबाजूच्या परिस्थितीतून उचलला. तपासाची साधनं सरकारच्या हातात असतील तर खुलासाही सरकारनंच करायचा, हेही तिथं आलं.

फक्त, निकाल पाळायचा कोणी? स्ट्रासबर्गच्या २००९ च्या सेजदिच आणि फिंची निकालानं बोस्नियात रोमा आणि ज्यू नागरिकांना राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवता न येणं बेकायदा ठरवलं. २०१०, २०१४, २०१८, २०२२ च्या निवडणुका जुन्याच नियमानं झाल्या. डॉमिनिकन प्रजासत्ताकात हैतीच्या मुळाच्या लोकांचं नागरिकत्व काढण्याविरुद्ध सान होसेनं ऑगस्ट २०१४ मध्ये निकाल दिला. त्याच नोव्हेंबरात तिथल्या घटनापीठानं, आपण त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला होता तेच घटनाबाह्य, असं जाहीर केलं. कुंडलच्या प्रतिसरकारची न्यायमंडळं निवाडा देत तेव्हा पाठीशी तुफान सेना असे. स्ट्रासबर्गच्या पाठीशी मंत्र्यांची समिती आहे, जी दर काही महिन्यांनी पत्रं लिहिते. ओस्ट्राव्हाच्या निकालावरची तिची देखरेख दशक उलटल्यावरही चालूच होती.

म्हणून मी त्या न्यायालयांचं दार उघडण्यापेक्षा त्यांचं मोजणीचं हत्यार आपल्याकडे वापरण्याच्या बाजूचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२१ च्या, सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांबाबतच्या लेफ्टनंट कर्नल नितिशा निकालात अप्रत्यक्ष भेदभाव मान्य केलेलाच आहे. नियम वरून सारखा असला तरी परिणाम विषम असेल तर तो भेदभाव, हेतू दाखवायला नको. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम ८(क) नं, आरोपी पीडिताला ओळखत असेल तर जात ठाऊक होती असं गृहीत धरायला सांगितलं आहे. म्हणजे भार उलटवण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. पण तो कायदा फौजदारी, आरोपी हवा. आणि तो अनुसूचित जाती-जमातींपुरता. पारधी त्यात येतात. साताऱ्यातला रामोशी, सांगलीतला कैकाडी विमुक्त जातींत मोडतात, त्यांना तो लागू नाही. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी लिहिला गेला, त्यामुळे बीडहून वाळव्याला आलेला कोयता, म्हणजे ऊसतोडीचं जोडपं, त्यात बसत नव्हता; कर्नाटकात गेला तर बसत होता. विट्याचा सोनं-चांदी गाळणारा गलाईवाला कोइमतूरला परप्रांतीय असतो, हे आपल्याकडच्या परप्रांतीयांबद्दल बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवलं तर बरं.

३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालानं तुरुंगातल्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला लावला आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना निर्देश दिले. रकाना काढला हे योग्यच. तो पाहूनच झाडू कोणाच्या हाती द्यायचा हे ठरत होतं. पण रकाना सगळीकडूनच गेला तर मोजणार कशावरून? झेक सरकारचं पहिलं उत्तर ‘आम्ही वंशाची नोंदच ठेवत नाही’ हेच होतं. वॉर्डरच्या हातातल्या कैद्याच्या कागदावर जात नसावी, आणि जिल्ह्याच्या मासिक गोषवाऱ्यात मात्र नावाशिवाय, प्रवर्गवार आकडा असावा, विमुक्त-भटक्यांचा वेगळा. राष्ट्रीय तुरुंग आकडेवारीत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास आणि उरलेले एवढेच गट असतात. विमुक्त त्यात दिसत नाहीत.

तोवर माहिती अधिकार आहे. अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांत. नावं मागू नयेत. नावं मागितली की खासगी माहिती म्हणून नकार येतो. ठाणेनिहाय, महिनानिहाय संख्या मागावी: नागरिक सुरक्षा संहितेच्या प्रतिबंधात्मक कारवाईच्या कलम १२८, १२९ आणि १७० खाली किती जण धरले, १ जुलै २०२४ पूर्वीच्या काळासाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची १०९, ११० आणि १५१, त्यांतले चोवीस तासांत किती सोडले, किती जणांवर पुढं दोषारोपपत्र गेलं, प्रवर्गाची नोंद असल्यास प्रवर्ग. तपासाला बाधा येते म्हणून कलम ८(१)(एच) दाखवलं तर निव्वळ संख्येनं कोणता तपास अडतो असं विचारून तीस दिवसांत पहिलं अपील करावं, त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आणि ‘अशी माहिती संकलित केली जात नाही’ असं उत्तर आलं तर अपिलाची घाई न करता ते पत्र सहीशिक्क्यासह जपून ठेवावं. पालांवर, वस्त्यांवर आपण स्वतः भरून घेतलेली प्रश्नावली उच्च न्यायालयात जोडताना सरकारी वकील तिला खासगी आकडे म्हणून हिणवेल, तेव्हा याचिकेला पहिलं परिशिष्ट म्हणून हेच पत्र लावता येतं.